पाऊस थांबला, मग विमान का सुटत नाही?

रहिमतपूर स्थानकावर गाडीची वाट पाहत तुम्ही कधी ना कधी उभे राहिला असाल. पुणे–मिरज मार्ग एकेरी होता त्या काळी गाडी उशिरा येण्याचे कारण लहान मुलालाही ठाऊक असे. समोरून दुसरी गाडी येत आहे आणि रूळ एकच आहे. तेव्हा एकीने कुठल्या तरी स्थानकात थांबायचे आणि दुसरीला वाट द्यायची. पण विमानाला कुठे रूळ आहेत? आकाश तर केवढे तरी मोकळे! मग ताशी ९०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाचे प्रवासी मुंबईच्या विमानतळावर, किंवा त्याहून वाईट म्हणजे एखाद्या परक्या देशातल्या विमानतळावर, दहा-दहा, वीस-वीस तास खोळंबून का राहतात?

अशी कल्पना करा, की तुमच्या घरचे कोणी परदेशी निघाले आहे आणि तुम्ही पोहोचवायला मुंबईला गेला आहात. पहाटे विजांचे वादळ झाले, दोन तासांनी थांबले. सकाळी लख्ख ऊन पडले. तरी दुपारी फलकावर त्या विमानापुढे ‘विलंब’ हाच शब्द! पाऊस केव्हाच थांबला, मग आता अडले कुठे? याचे उत्तर विमानतळावर शोधण्याआधी आपण साखर कारखान्याच्या दारात जाऊ.

उसाच्या गाड्यांचे गणित

गळिताच्या हंगामात कारखान्याबाहेर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरांची रांग तुम्ही पाहिली असेल. समजा, कारखान्यात दर तासाला ४० गाड्या येतात आणि गव्हाणीत ताशी ४४ गाड्यांचा ऊस टाकता येतो. म्हणजे सारे सुरळीत चालले आहे, रांग जवळजवळ नाहीच. आता गव्हाण दोन तास बंद पडली. शेतकऱ्यांना ते ठाऊक नाही. गाड्या येतच राहिल्या. दोन तासांत ८० गाड्या साचल्या. गव्हाण पुन्हा सुरू झाली. आता ही रांग किती वेळात संपेल?

घाईने ‘दोन तासांत’ असे उत्तर देऊ नका. गव्हाण तासाला ४४ गाड्या रिकाम्या करते, पण त्याच तासात ४० नव्या गाड्या येऊन रांगेत उभ्या राहतात. रांग तासाला फक्त ४ गाड्यांनी कमी होते. ८० भागिले ४, म्हणजे २० तास! बिघाड दोन तासांचा आणि रांग वीस तासांची. या अवधीत आलेल्या ८८० गाड्यांपैकी प्रत्येकीला कमी-अधिक उशीर झाला. गव्हाण सुरू होऊन दहा तास उलटल्यावर आलेल्या गाडीवाल्यालासुद्धा पुढे ४० गाड्या दिसतील आणि त्याचा जवळजवळ तास मोडेल. सकाळी काय झाले होते हे त्या बिचाऱ्याला ठाऊकही नसेल.

आता आकडा थोडा बदला. गाड्या ताशी ४० ऐवजी ४३ येत असतील तर? दोन तासांत ८६ साचतील आणि रांग तासाला एकाच गाडीने ओसरेल. ८६ तास, म्हणजे साडेतीन दिवसांहून अधिक! तीन गाड्यांचा फरक, पण परिणाम चौपटीहून मोठा. क्षमतेच्या अगदी काठाशी चालणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेचे असेच होते. मग ती गव्हाण असो, टपाल कचेरीची खिडकी असो, नाही तर धावपट्टी.

मुंबईचा विमानतळ असाच काठावर चालणारा आहे. त्याला धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, एक सुमारे ३,४५० मीटर लांब आणि दुसरी सुमारे २,९०० मीटर. पण त्या एकमेकींना छेदतात. चौकात दोन्ही रस्त्यांवरच्या गाड्या एकदम सोडता येत नाहीत, तसेच हे. त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच धावपट्टी वापरावी लागते. अशा या विमानतळावर ८ डिसेंबर २०१८ रोजी २४ तासांत १,००७ विमाने चढली-उतरली. दिवसाचे ८६,४०० सेकंद. भागाकार करून पाहा. सरासरी दर ८६ सेकंदांना एक विमान! दोन विमानांत याहून फार कमी अंतर ठेवता येत नाही. मोठे विमान गेले की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे जोरदार भोवरे मागे राहतात. ते विरण्याआधी मागचे विमान त्यांत शिरले तर ते कलंडण्याचा धोका असतो. म्हणजे आकाश कितीही मोकळे असले तरी सगळ्यांना एकाच चिंचोळ्या दारातून आत-बाहेर करावे लागते. रूळ नाहीत, पण ‘क्रॉसिंग’ आहेच.

१ जुलै २०१९ च्या रात्री मुसळधार पावसात जयपूरहून आलेले एक विमान मुंबईच्या मुख्य धावपट्टीवरून पुढे घसरले आणि चिखलात रुतले. ते बाहेर काढून धावपट्टी पुन्हा सुरू व्हायला ५ जुलै उजाडला. दुसरी धावपट्टी चालू होती, पण तिची क्षमता कमी. एका रुतलेल्या विमानाने चार दिवस शेकडो उड्डाणांचे वेळापत्रक मोडून टाकले. अशा वेळी रांग कमी करण्याचा एकच झटपट उपाय उरतो, तो म्हणजे काही उड्डाणे रद्द करणे. प्रवाशांना तो दुष्टपणा वाटतो. उसाच्या गणितात तो बसतो.

धावपट्टी साफच बंद पडण्याचे मुंबईतले मोठे उदाहरण २६ जुलै २००५ चे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. रहिमतपूरच्या बाजूला सबंध वर्षातही सहसा एवढा पडत नाही. मिठी नदी मुंबईच्या धावपट्टीखालूनच वाहते. धावपट्ट्यांवर पाणी आले, विमान उतरवताना वैमानिकाला वाट दाखवणारी जमिनीवरची यंत्रे पाण्याखाली गेली. विमानतळ ३० तासांहून अधिक काळ बंद राहिला आणि ७०० हून अधिक उड्डाणे रद्द झाली किंवा रखडली.

राखेचा ढग

पाण्याचे समजले. पण एप्रिल २०१० मध्ये निरभ्र आकाश असतानाही युरोपातले विमानतळ बंद पडले, ते कशामुळे? आइसलँड बेटावर १४ एप्रिल रोजी एका हिमनदीखालचा ज्वालामुखी जोरात उसळला. तप्त शिलारसावर बर्फाचे पाणी पडताच त्याच्या ठिकऱ्या उडाल्या आणि पिठाहून बारीक अशी काचेसारखी राख उंच आकाशात गेली. वाऱ्याने ती युरोपभर नेली. जवळजवळ आठवडाभर तिथले बहुतेक आकाश विमानांना बंद होते. सुमारे एक लाख उड्डाणे रद्द झाली, एक कोटीच्या आसपास प्रवासी अडकले. त्यांत भारतातून गेलेले आणि भारताकडे निघालेलेही पुष्कळ होते.

थोड्या राखेला एवढे भ्यायचे कशाला, असे तुम्हांला वाटेल. त्याचे कारण २४ जून १९८२ च्या रात्रीत आहे. लंडनहून मुंबई, मद्रास, क्वालालंपूर असे थांबे घेत ऑस्ट्रेलियाकडे निघालेले एक जंबो जेट इंडोनेशियावरून जात होते. विमानाच्या रडारला समोर काहीच दिसत नव्हते, कारण हवामानाचे रडार ढगांतले पाण्याचे थेंब टिपते. कोरडी राख त्याला दिसत नाही. जावा बेटावरच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत विमान शिरले आणि एकामागून एक चारही इंजिने बंद पडली! २६३ माणसांना घेऊन ते अवजड विमान अंधारात तरंगत खाली येऊ लागले. ३७,००० फुटांवरून ते सुमारे १३,००० फुटांपर्यंत उतरले, तेव्हा कुठे इंजिने पुन्हा सुरू झाली. राख घासून समोरच्या काचा अंध झालेल्या, अशा स्थितीत वैमानिकांनी ते जाकार्ताला सुखरूप उतरवले.

झाले होते ते असे. ही राख साधारण ११०० अंश सेल्सिअसला वितळू लागते आणि जेट इंजिनाच्या पोटात त्याहून अधिक उष्णता असते. आत ओढलेली राख वितळली, पुढच्या पात्यांवर काचेचा लेप होऊन बसली आणि हवेची वाट बुजली. विमान राखेतून बाहेर आले, इंजिने थंड झाली, तसा तो लेप घट्ट होऊन तडकला आणि त्याचे तुकडे गळून पडले. म्हणून ती पुन्हा पेटली. ते पाहिलेल्या जगाने २०१० साली विमाने जमिनीवर ठेवली, यात नवल नाही. (जाता जाता सांगायचे, तर रहिमतपुरात विहीर खणताना लागणारा काळा पाषाण हीसुद्धा ज्वालामुखीचीच देणगी. पण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा तो शिलारस बहुतांशी भेगांतून वर येऊन थरांवर थर पसरत गेलेला. म्हणून आपल्याला राखेऐवजी पायऱ्या-पायऱ्यांचे डोंगर मिळाले.)

एक तास उशीर, आणि रात्रभर मुक्काम

तुम्ही म्हणाल, रांगेच्या गणिताने प्रत्येक विमानाला फार तर तास-दोन तास उशीर होईल. वीस तास कसे? शंका रास्त आहे. याचे कारण असे, की विमानाच्या वाटेवर काही वेळेच्या सीमारेषा असतात. त्या ओलांडल्या की लहान उशीर एकदम मोठा होतो. शेवटची एस.टी. पाच मिनिटांनी चुकली, तर उशीर पाच मिनिटांचा होत नाही, सकाळच्या गाडीपर्यंतचा होतो.

यातली सर्वांत महत्त्वाची रेषा वैमानिकांच्या कामाच्या तासांची. त्यांची पाळी विमान उडाल्यापासून मोजत नाहीत. ते कामावर हजर झाल्यापासून मोजतात. म्हणजे प्रवासी खोळंबलेले असतात तेव्हा वैमानिकाचे तासही संपतच असतात. समजा नियमाप्रमाणे त्यांच्याकडे दीड तास शिल्लक आहे आणि विमानाला दोन तास उशीर झाला. मग त्यांना उडता येत नाही. दुसरे वैमानिक बोलवावे लागतात आणि त्यांची पुरेशी विश्रांती झालेली असावी लागते. परक्या देशात तर ते मिळणेही कठीण. एवढ्यात जिथे पोहोचायचे तो विमानतळ रात्रीपुरता मिटतो. जर्मनीतल्या फ्रँकफुर्टला, शेजारच्या वस्त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून, रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात नियमित उड्डाणांना बंदी आहे. झाला दुसरा दिवस!

‘अर्ध्या तासासाठी नियम वाकवला तर काय बिघडले?’ असे चिडलेले प्रवासी विचारतात. १९९७ साली ऑस्ट्रेलियात डॉसन आणि रीड या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. सतत १७ तास जागे राहिलेल्या माणसाचे हात-डोळ्यांचे काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतके मंदावते, असे त्यात दिसले. आणि २२ मे २०१० रोजी दुबईहून आलेले विमान मंगळूरच्या पठारावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १६६ पैकी १५८ माणसे गेली. चौकशीत असे आढळले, की मुख्य वैमानिक वाटेत दीड तासाहून अधिक झोपलेला होता आणि झोपेतून उठल्यावरची सुस्ती त्याच्या निर्णयांना भोवली. हे वाचल्यावर थकलेल्या वैमानिकाला घरी पाठवणाऱ्या नियमाचा राग येणार नाही.

मग दुसरे विमान का देत नाहीत? कारण रिकामे विमान सहसा नसतेच. सकाळी लंडनहून येणारे विमानच तास-दोन तासांनी परत फिरते. तिकडे ते रखडले की इकडचे आपोआप रखडते. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रॅन्सिस्कोला निघालेल्या विमानाच्या एका इंजिनात बिघाड झाला. दोन इंजिनांच्या विमानाला वाटेत सतत असे अंतर राखावे लागते, की एक इंजिन बंद पडले तरी दुसऱ्याच्या जोरावर ठरावीक वेळात एखादा विमानतळ गाठता येईल. इथे तो विमानतळ होता रशियाच्या पूर्व टोकाचा मगदान. २१६ प्रवासी आणि १६ कर्मचारी तिथे उतरले. लहान गाव, एवढ्या माणसांना हॉटेले अपुरी. काहींची सोय शाळेत करावी लागली. भाषा कळेना, जेवण वेगळे. दुसऱ्या दिवशी दुसरे विमान पाठवले गेले, ते थेट मुंबईहून. दोन रात्री काढून ते प्रवासी मगदानहून ८ जूनच्या सकाळी साडेदहाच्या सुमारास निघाले आणि सॅन फ्रॅन्सिस्कोला पोहोचले, तेव्हा तिथल्या घड्याळात नुकतीच मध्यरात्र उलटून ८ जून लागला होता. निघण्याच्या दहा तास आधीच पोहोचले की काय? नकाशा घ्या, आंतरराष्ट्रीय वाररेषा शोधा आणि हे कोडे सोडवा. (मगदानची वेळ ग्रिनिचच्या ११ तास पुढे, सॅन फ्रॅन्सिस्कोची उन्हाळ्यात ७ तास मागे.)

खोळंबलेल्या माणसाचे शरीर

विमान थांबते, पण त्याच्या प्रवाशाचे शरीर थांबत नाही. आपल्या मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या मज्जातंतू जिथे एकमेकींना छेदतात त्याच्या थोडे वर, सुमारे वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. हे आपले मुख्य घड्याळ. झोप, भूक, शरीराची उष्णता यांची वेळ ते ठरवते. पेशींतले हे घड्याळ कसे चालते याचा उलगडा केल्याबद्दल हॉल, रॉसबॅश आणि यंग या तिघांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. ते रोज जुळवून घेतले जाते ते प्रकाशावर. विमानतळावर मात्र रात्री दोन वाजताही दिवसासारखा उजेड असतो! आधीच मुंबई आणि लंडन यांच्या वेळेत हिवाळ्यात साडेपाच तासांचा फरक, त्यात ही कृत्रिम दुपार. म्हणून रात्रभर खोळंबल्यास डोळ्यांवर रुमाल बांधून जमेल तेवढे झोपावे आणि सकाळ झाली की खिडकीपाशी जाऊन खऱ्या उन्हात बसावे.

दुसरी गोष्ट पायांची. पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलायला पोटऱ्यांचे स्नायू पंपासारखे काम करतात. तासन् तास बसून राहिले की हा पंप बंद. पाय सुजतात, क्वचित शिरेत रक्ताची गुठळीही होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली दिलेल्या अंदाजाप्रमाणे चार तासांहून लांबच्या विमानप्रवासानंतर असे सुमारे सहा हजारांत एकाला होते. धोका लहान, पण विमानातल्या बसण्यात विमानतळावरचे बसणे मिळवले की बैठक लांबते. उपाय फुकटचा आहे: तासातून एकदा उठून चालावे, पाणी प्यावे. घरातल्या मधुमेही आजी-आजोबांची औषधे मोठ्या सामानात कधीही घालू नयेत. ते सामान विमानाच्या पोटात गेले, की मधल्या मुक्कामात हाती लागेलच असे नाही. शिवाय परक्या विमानतळाबाहेर पडून हॉटेलात जायचे तर त्या देशाचा व्हिसाही लागू शकतो. तो नसला, तर रात्र बाकावरच काढावी लागते.

प्रवाशाच्या बाजूने कायदाही आहे. विलंबामुळे होणाऱ्या नुकसानीची जबाबदारी ठरवणाऱ्या १९९९ च्या माँट्रिअल करारात भारत २००९ साली सामील झाला. आइसलँडच्या राखेवरून तर युरोपच्या न्यायालयात खटला झाला. ज्वालामुखी हा कंपनीचा दोष नसला, तरी अडकलेल्यांचे खाणे-राहणे कंपनीनेच पाहिले पाहिजे, असा निकाल २०१३ साली लागला.

राहता राहिले मन. डेव्हिड मेस्टर या अभ्यासकाने १९८५ साली रांगांविषयी लिहिताना दाखवून दिले, की किती वेळ थांबायचे हे न सांगितलेली वाट सांगितलेल्या वाटेहून लांब भासते, कारण न कळलेली वाट कारण कळलेल्या वाटेहून लांब भासते, आणि रिकाम्या हाताने पाहिलेली वाट कामात गुंतून पाहिलेल्या वाटेहून लांब भासते. हे खरे की काय, ते वर्गात पाहता येईल. शिक्षकांनी मुलांचे तीन गट करावेत. पहिल्याला सांगावे, ‘एक ठरावीक वेळ स्वस्थ बसायचे आहे, मध्ये दोनदा मी किती भाग उरला ते सांगेन.’ दुसऱ्याला नुसते ‘बसा’ म्हणावे. तिसऱ्याला वरचे उसाच्या गाड्यांचे गणित निराळे आकडे घालून सोडवायला द्यावे. सात मिनिटांनी प्रत्येकाने किती वेळ गेला असेल तो अंदाज कागदावर लिहावा आणि गटागटाची सरासरी फळ्यावर मांडावी. तिन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांत बसवावेत. भिंतीवरचे घड्याळ झाकावे आणि मनगटावरची आधीच टेबलावर जमा करून घ्यावीत.